दोन डब्यांचा निकाल

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लक्ष्मीपुरी, कोल्हापूर
मंगळवार, दुपारी दुकानात गादीवर बसून

तीर्थस्वरूप नागाप्पाण्णांच्या चरणी जावई श्रीशैलचा शरणु शरणार्थी.

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; क्षेम आहे की नाही ते पुढं वाचून तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींची साखर आटोक्यात आहे का, की चहात अजून दोन चमचे चालूच आहेत? भट्टीपुढं बसून तुमचे डोळे लाल होतात, त्यासाठी गेल्या खेपेला डॉक्टरनं दिलेले थेंब घालता ना? की बाटली नुसती कोनाड्यात उभी आहे? (आमच्याकडं पण तेच. आमची निम्मी दुखणी औषध घरात आणून ठेवल्यावर बरी होतात आणि उरलेली निम्मी कुणाला सांगायचीच नसतात.) नव्या पैंजणांची ऑर्डर मिळाल्याचं हुपरीच्या पाव्हण्यांकडून कळलं. फार आनंद वाटला. म्हणजे वाटला असता, पण सध्या मला कशाचाच आनंद वाटत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणार. अण्णा, राग मानू नका, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. भोवती तुमच्या चांदीच्या कारखान्याची ठोकाठोक चालू, त्यामुळं मला ओरडावं लागतं. इकडं लक्ष्मीपुरी ऐकते, तिकडं हुपरी ऐकते. मागं एकदा मी तुम्हाला मूळव्याधीवर काही उपाय आहे का एवढंच विचारलं होतं, तर पुढं महिनाभर हुपरीच्या एस.टी.तनं उतरणारं प्रत्येक गिऱ्हाईक ज्वारीचा भाव विचारायच्या आधी मला सुरणाची भाजी खायला सांगत होतं. आताचा विषय त्याहून नाजूक आहे आणि तो तुमच्या बहिणीच्या, रुद्राणीच्या प्रकृतीचा आहे. घाबरू नका. मी घाबरलोय, तेवढं पुरे आहे. आपल्या दोघांतलं कुणीतरी शहाणं राहायला पाहिजे आणि ते मी नसणार हे तुम्हाला एकतीस वर्षांपासून ठाऊक आहे.

झालं असं की गेल्या महिन्यात आपल्या समाजाच्या मंगल कार्यालयात अक्कनबळग महिला मंडळाच्या बायकांनी एक शिबिर भरवलं. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. आधी असली शिबिरं डोळ्यांची असायची, चष्मा मिळायचा, माणूस खुशीत घरी यायचा. आता हे आतड्याचं. रुद्राणीनं पहिल्याच दिवशी दोघांची नावं घातली आणि भेटेल त्याला सांगत सुटली की मी काय, ह्यांच्यासाठी आलो, एकटं पाठवलं तर वाटेतनं पळून जातील. (ते खरं आहे. मी एकदा दाताच्या दवाखान्यातनं खुर्चीवरनं उठून आलेला माणूस आहे.) डॉ. अदिती म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी आतड्याचं एक प्लास्टिकचं मॉडेल टेबलावर मांडलं आणि कुणाला धोका जास्त ते सांगायला लागल्या. तंबाखू खाणारा. दारू घेणारा. मटण जास्त खाणारा. पोट सुटलेला. दिवसभर एका जागी बसणारा. भाजीपाला, कोंडा, साल असलं पोटात न घालणारा. अण्णा, त्या एकेक बोलत गेल्या आणि रुद्राणी दर खेपेला माझ्याकडं बघत गेली, आणि तिच्या मागची अख्खी बायकांची रांग तिच्याकडं बघून माझ्याकडं बघत गेली. मी नाचणी, सातू, जव, सगळं विकतो. गिऱ्हाइकाला त्याचे फायदे तोंडपाठ सांगतो. आणि सकाळी स्वतः पाव खातो. शेवटी शेवटी डॉक्टरीणबाई असंही म्हणाल्या की नीट राहणाऱ्यालाही हे होऊ शकतं, वय झालं एवढं कारण पुरतं. पण तेव्हा चहा आला होता, त्यामुळं ते कुणी मनावर घेतलं नाही.

मग फॉर्म. फॉर्म भरायला समाजाच्या अध्यक्षांची नात शांभवी बसली होती. पोरगी गुणाची, पण आवाज मठातल्या घंटेसारखा. तंबाखू किती, तिनं विचारलं. मी म्हटलं, जेवणानंतर कधीमधी. रुद्राणी म्हणाली, दिवसाला दोन पुड्या लिही. दारू? मी म्हटलं, लग्नकार्यात. रुद्राणी म्हणाली, लग्नं लई असतात. बसून किती तास? हे मी खरं सांगितलं, कारण गादी सगळ्यांनी बघितलेली आहे. आणि मग शांभवीनं विचारलं, “काका, मटण?” मी तोंड उघडायच्या आत रुद्राणीच ताठ उभी राहून म्हणाली, आमच्यात न्हाई खात. तिच्या आवाजात एवढा अभिमान होता की मला खाली बघावं लागलं.

अण्णा, तुमच्यापाशी कबूल करतो. खातो. अकरा वर्षं झाली. बुधवारी आणि रविवारी. (बुधवारी मार्केट यार्डात व्यापाऱ्यांची मीटिंग असते असं मी घरात सांगतो. मीटिंग असते, नाही असं नाही, पण ती विजयसिंहाच्या खानावळीत असते आणि तिथं मी एकटाच व्यापारी असतो.) आणि नशीब बघा, शिबिर सगळ्या पेठेला खुलं असल्यामुळं माझ्या मागं रांगेत तोच विजयसिंह उभा. सहा फूट उंच, तालमीतला माणूस, आयुष्यात कधी हळू बोलला नाही. तो वाकून कानात म्हणाला की मालक, मग दर रविवारी मी जे सुक्क्याचं ताट वाढतो ते तुमच्या जुळ्या भावाला काय? मी त्याच्या पायावर पाय दिला. तेव्हापासनं त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. पाय दिला म्हणून नव्हे, तर मी त्याचं मटण चारचौघांत नाकारलं म्हणून. त्याचं म्हणणं, देवाला नाकारा एकवेळ.

प्रत्येकाला एकेक प्लास्टिकची डबी मिळाली. झाकणालाच आत एक चमचा. त्यात काय घालून आणायचं ते तुम्हाला कळलं असेलच. मी लिहीत नाही, कारण ज्या गादीवर बसलोय तिथंच रोज गणपतीला आणि बसवेश्वरांना उदबत्ती लावतो. डोळ्यांना दिसत नाही असं रक्त त्यात आहे का ते मशीनवर बघतात. डबी थंड जागी ठेवा, म्हणाले. थंड जागा म्हटलं की फ्रीज, आणि फ्रीज म्हटलं की त्यात देवाच्या नैवेद्याचं दही. रुद्राणीनं फ्रीजला हात लावू दिला नाही. तिनं न्हाणीघराच्या बाहेर एक माठ मांडला, त्यात ओली वाळू भरली आणि म्हणाली, डब्या ह्यात. दोन्ही डब्यांवर नावाच्या पट्ट्या तिनंच चिकटवल्या, ठसठशीत अक्षरात, आणि बुधवारी पहाटे स्वतःची डबी सगळ्यात आधी तयार करून वाळूत रोवून ती रंकाळ्याला दोन फेऱ्या मारायला निघून गेली. जाताना मला म्हणाली, मी यायच्या आत झालं पाहिजे.

इथनं पुढचं वाचताना वहिनी शेजारी असतील तर त्यांना चहा ठेवायला पाठवा. आमच्या धंद्यात नमुन्याला मोठा मान. पोत्याला पोकळ सळई खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर पसरायचे, तेवढ्यावर शंभर पोत्यांचा सौदा होतो. आणि एका पोत्याचा नमुना दाखवून दुसरं पोतं गळ्यात मारायचं, याच्याएवढं पाप बाजारात दुसरं नाही. तसं करणाऱ्याच्या दुकानाची पायरी कुणी चढत नाही. मी तीस वर्षांत एकदाही केलं नाही, हे तुम्ही कुणालाही विचारा. त्या पहाटे मी माझी डबी हातात घेऊन उभा होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं ती सगळी यादी. तंबाखू, पोट, बुधवार, रविवार. मला अधूनमधून रक्त दिसतं हे मला ठाऊक होतं आणि मी ते मूळव्याधीच्या खात्यावर टाकत होतो. माझा निकाल काय येणार ते मला मशीनपेक्षा आधी कळलेलं होतं. आधी दुर्बिणीची नळी, मग ऑपरेशन, आणि ह्या सगळ्याच्या आधी रुद्राणीचं बोलणं. आणि पुढ्यात माठात तिची डबी. तिच्यासारखी स्वच्छ राहणारी बाई कोल्हापुरात दुसरी नसेल. भाकरी, पालेभाजी, ताक. सोमवारचा उपास. तंबाखूचा वाससुद्धा नको. मी म्हटलं, ह्या पोत्यात किडका दाणा निघणं शक्यच नाही. मी दाराला कडी घातली आणि तिच्या डबीतला निम्मा नमुना माझ्या डबीत घेतला. दोन्ही डब्यांत एकच माल. नावं तेवढी वेगळी.

तुम्ही आता कपाळावर हात मारला असेल. मारा. त्या दिवशी मी मात्र शीळ घालत दुकानात आलो आणि रविवारी, शत्रुत्व विसरून, विजयसिंहाकडं गेलो. (त्यानं वाढलं, पण बोलला नाही.) पंधरा दिवस माझ्याएवढा निर्धास्त माणूस लक्ष्मीपुरीत नव्हता. मग शांभवीचा फोन आला की काका, काकूंना घेऊन या, दोघांनाही मॅडमनी बोलावलंय. ‘दोघांनाही’ हा शब्द मी तिला परत म्हणायला लावला. निकाल चांगला असता तर मॅडमनी कशाला बोलावलं असतं?

डॉक्टरीणबाई समजावून सांगायला फार चांगल्या आहेत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या म्हणाल्या की दोघांच्याही नमुन्यात रक्त सापडलंय. याचा अर्थ कॅन्सर आहे असा मुळीच नाही. मूळव्याध असेल, सूज असेल, आतड्याच्या भिंतीवर बारीक गाठी असतील, आणि त्या गाठी वेळेत सापडल्या तर दुर्बीण घातल्या घातल्याच काढून टाकता येतात, पुढचं सगळं टळतं. पण दुर्बिणीनं आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बघायलाच पाहिजे. मी खुर्चीच्या दांड्याला धरून बसलो होतो. माझ्या डबीत माझं काहीच नव्हतं. दोन्ही तिचंच होतं. सगळ्या कोल्हापुरात हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि शेजारी तुमची बहीण पदर सावरून बसली होती, आणि ती हसली. अण्णा, ती खुदकन हसली आणि म्हणाली, “ह्यांचं नि माझं एकसारखं कसं यील? मशीन बिघडलंय तुमचं.”

तिचा मुद्दा बघा. एक माणूस नको ते सगळं खातो, दुसरं माणूस नेमानं राहतं, आणि दोघांचा निकाल तंतोतंत सारखा. दोघांचं कॉलेस्टेरॉल सारखं येत नाही, चष्म्याचा नंबर सारखा येत नाही, मग हेच बरं सारखं आलं? (मी तिच्या जागी असतो तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं. तिच्या तर्कात एक दाणा खोटा नाही. खोटं आहे ते माझ्या डबीत.) डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं, तीनदा समजावलं. रुद्राणीनं प्रेमानं त्यांचा गाल कुरवाळला, मशीन दुरुस्त करून घे बाळ म्हणाली आणि मला घेऊन बाहेर आली. वाटेत मला म्हणते कशी, तुम्ही उगाच तोंड पाडू नका, तुम्हालाबी काय झालेलं न्हाई. माझी समजूत ती घालत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर तिला रुद्राणी कोण म्हणेल? पुढच्या सोमवारी अक्कनबळगात वचनं म्हणून झाल्यावर तिनं उभं राहून जाहीर केलं की त्या शिबिराचं मशीन खोटं आहे, कुणी जिवाला लावून घेऊ नका. मठाच्या दारात बेल-फुलं विकणाऱ्या बयाबाईला पण तसलंच बोलावणं आलं होतं. ती बिचारी जाणार होती, लेकाला रजा टाकायला लावली होती. आता म्हणते, रुद्रव्वा म्हणतात तर मी कशाला जाऊ, आणि तिनं दवाखान्याची चिठ्ठी ट्रंकेत घातली. म्हणजे आता माझ्या डोक्यावर बयाबाईचं पण आलं. मी मठाकडच्या रस्त्यानं जायचं सोडलंय.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा पहाटे तिच्याबरोबर रंकाळ्याला गेलो, म्हटलं चालता चालता सांगू. पण तिच्या चालीबरोबर राहताना मला धाप लागली आणि तोंडातनं शब्द फुटेना. एकदा तिची लिंगपूजा होईस्तोवर दाराशी उभा राहिलो. पूजा झाल्यावर तिचा चेहरा इतका शांत दिसला की मी पेपर मागितला. मग मागल्याच्या मागल्या रविवारी म्हटलं, जोतिबाला जाऊ, देवाच्या पायरीवर खोटं बोलवत नाही. विजयसिंहाला खाडा दिला, तिला घेऊन डोंगरावर गेलो. आणि अण्णा, हे मी तुम्हाला मुद्दाम लिहितोय. पायऱ्यांवर मी पुढं होतो. मी. मागं वळून बघितलं तर तुमची बहीण निम्म्या वाटेत खाली बसली होती, हातात नारळ, ओठ पांढरे. जिला रंकाळ्याच्या दोन फेऱ्या म्हणजे काहीच नाहीत, ती. मी पाणी दिलं. म्हणाली, उन्हाचं असंल. ऊन नव्हतं. गुलालानं माखलेली माणसं शेजारनं ओरडत वर चढत होती आणि मी तिच्या चपलांकडं बघत बसलो. तिथं मला सांगता आलं असतं. मला सांगता आलं नाही. दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, परत आलो. त्या दिवसापासनं मला जेवण जात नाही. बुधवारी मीटिंगला गेलो नाही, तर विजयसिंह दुकानात येऊन स्वतःहून बोलला, मालक, बरं न्हाई काय?

काल एकटाच डॉक्टरीणबाईंकडं गेलो आणि सगळं ओकून टाकलं. मला वाटलं होतं त्या हसतील नाहीतर ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “काका, म्हणजे तुमची तपासणी अजून झालीच नाही.” एवढे दिवस मी रुद्राणीचं भय घेऊन फिरत होतो, ते ठीकच होतं, पण त्यात माझं स्वतःचं भय मी विसरून गेलो होतो, ते तिथल्या तिथं परत अंगावर आलं. त्यांनी जोतिबाचं ऐकून घेतलं, पांढऱ्या ओठांचं दोनदा विचारलं आणि म्हणाल्या की आता थांबू नका, रक्तही तपासू, शुक्रवारी दुर्बिणीची वेळ देते. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं, दुसऱ्या दिवशी झोपेचं इंजेक्शन, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, बाईला कळतसुद्धा नाही. काकूंना तुम्ही सांगा, म्हणाल्या, मी सांगितलं तर त्या परत माझा गाल कुरवाळतील.

तर असं आहे. माझी चोरी कळेल म्हणून मी गप्प आहे, असं तुम्हाला वाटेल. पहिले आठ दिवस तसंच होतं. ती मला काय बोलेल, मटणाचं कळल्यावर ताट वेगळं करेल की घर वेगळं करेल, ह्याचाच हिशेब चालला होता. आता तसं नाही. आता मला भीती वाटते ती सांगितल्यावर तिचा चेहरा कसा होईल त्याची. आत्ता ती खुशीत आहे. मशीन बिघडलंय असं समजून पापड लाटतेय. मी तोंड उघडलं की ते बंद होणार. एवढं एक वाक्य एकतीस वर्षांच्या संसारात मला जड झालंय. मी फार भितो, अण्णा. ती नसली तर मी काय करायचं, हे मला ठाऊक नाही, आणि ह्या वयात शिकायची माझी इच्छा नाही.

वहिनींना शरणार्थी सांगा, लहानांना आशीर्वाद. थेंब घाला. पत्र वाचून झाल्यावर भट्टीत टाका, कारखान्यात वाचून दाखवू नका.

आपला आज्ञाधारक (तुमच्यापुढं तरी),
श्रीशैल

ता. क. १ — मूळ काम लिहायचंच राहिलं. गुरुवारच्या पहिल्या एस.टी.नं तुम्ही या. ही फक्त दोघांचं ऐकते, मठातल्या स्वामीजींचं आणि तुमचं. स्वामीजींपुढं हे मला बोलवणार नाही. तुम्ही तिला असं सांगायचं की मीसुद्धा हुपरीत तीच डबी दिली होती, माझंही तसंच आलं, मी दुर्बीण घालून घेतली, आता ठणठणीत आहे. ही थाप आहे हे मला कळतं. पण डबीचं काही न सांगता काम होत असेल तर एवढं माझ्यासाठी करा. नातवंडांना खाऊ मी घेऊन ठेवतो.

ता. क. २ — थाप मारायला जिवावर येत असेल तर खरोखरच तपासणी करून घ्या, तुमचीही साठी उलटली आहे. माझी डबी मी आज सकाळी दिली. ह्या खेपेला माझाच माल. निकाल पुढच्या आठवड्यात. दोन दिवस तंबाखूला हात लावलेला नाही; गिऱ्हाइकांवर ओरडतोय, तेवढं चालायचंच.

ता. क. ३ — अण्णा, हे पत्र पोस्टात पडलेलं नाही. पाकिटाला डिंक लावत होतो आणि ही डबा घेऊन दुकानात आली. घाट चढल्यासारखी दम खात आली, आणि घरापासनं दुकान दोनशे पावलं आहे. टेकून उभी राहिली, हातानं वारा घेतला आणि मला म्हणाली, आज भेंडी केलीय. मला पुढं बघवेना. मी तिला गादीवर बसवलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं पहिल्यापासनं वाचलं. विजयसिंहाच्या ठिकाणी माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं. शेवटपर्यंत वाचून चष्मा काढला आणि विचारलं, “दोन्ही डब्यांत माझंच हुतं?”

मी म्हटलं, व्हय.

तिनं पत्राची पानं जुळवून परत घडी घातली. मग म्हणाली, “म्हंजे मशीन बरोबर हाय.”

मग मी तिला डॉक्टरीणबाई जे जे म्हणाल्या ते सगळं सांगितलं, मूळव्याध असंल, बारीक गाठी असतील, काढता येतात, शुक्रवारची वेळ घेतलीय. तिनं ऐकून घेतलं. डबा उघडून मला वाढलं. मटणाचं मी शुक्रवारनंतर बघतो, असं तेवढं म्हणाली. बयाबाईला आजच संध्याकाळी मी स्वतः जाऊन सांगतो, तिची चिठ्ठी ट्रंकेतनं काढायला लावतो, असंही म्हणाली. मी वरची थाप खोडायला घेतली तर खोडू दिली नाही; राहू दे, अण्णाला कळू दे जावई कसला हाय ते. पोस्टानं नको, वेळ जातो, पाचच्या हुपरी गाडीच्या कंडक्टरकडं द्या, म्हणाली. आणि तुमच्यासाठी एक निरोप सांगितला, तो तिच्याच शब्दांत लिहितो, कारण एकतीस वर्षांत तिनं माहेरी असा निरोप धाडलेला मी बघितलेला नाही.

“अण्णाला म्हणावं, खोटं काय बोलू नको, नुसता ये. शुक्रवारी माझा हात धरून बस. ह्यांचा लई थरथरतोय.”